मनखूलची चटणी आणि धैदचे बैल

बैल ढेकर देतो तेव्हा आवाज होत नाही, निदान पाहुण्याला ऐकू येईल असा तरी नाही. जबडा क्षणभर थांबतो, मान थोडी पुढे येते, गळ्याखालची पोळी हलते आणि जनावर पुन्हा रवंथ करू लागते. तेवढ्यात जे बाहेर पडते त्यात मिथेन असतो. हे पाहायला शिकवले ते समोरच्या फ्लॅटमधल्या डॉक्टरांनी. ही हकिगत त्यांची आहे आणि २००१चा उन्हाळा ते २००२ची बकरी ईद एवढ्या काळात घडलेली आहे.

डॉक्टर जनावरांचे. शिक्षण मराठवाड्यात झालेले. दुबईत अल मनखूलमध्ये, आमच्याच मजल्यावर, पत्नी आणि शाळकरी मुलीसह राहत. नोकरी शारजाच्या पलीकडे, धैदच्या रस्त्यावर, बैल पोसण्याच्या एका फार्मवर होती. बोटीने आलेले बैल तिथे काही महिने खाऊनपिऊन तयार होत आणि मांसासाठी विकले जात. सर्वांत मोठी विक्री बकरी ईदच्या आधी. गावी आईला त्यांनी फोनवर ‘फार्मवर आहे’ एवढेच सांगितले होते. आईने त्या फार्मची डेअरी करून घेतली होती आणि डॉक्टरांनी ती मोडली नव्हती.

इमारतीत सगळे त्यांना नुसते डॉक्टर म्हणत. त्यामुळे नव्याने राहायला आलेली कुटुंबे मुलांचा खोकला घेऊन त्यांच्या दारात उभी राहत. “रवंथ करतो का नीट?” असे ते गंभीरपणे विचारत आणि मग खालच्या क्लिनिकचा पत्ता देत.

मी तेव्हा एका इंग्रजी वर्तमानपत्रात उपसंपादक होतो. पृथ्वी तापत असल्याच्या बातम्या वृत्तसंस्थांकडून येत आणि बहुधा आतल्या पानावर तीन परिच्छेदांत संपत. त्यांत गुरांच्या पोटातला वायू हा डेस्कचा लाडका विषय होता. त्यावर मथळे लिहिले जात ते छापण्यासाठी नव्हे, एकमेकांना वाचून दाखवण्यासाठी. सगळ्या मथळ्यांचा रोख जनावराच्या मागच्या बाजूकडे असे. हे डॉक्टरांना सांगितले तेव्हा ते हसले नाहीत.

“तुमचं सगळं डेस्क चुकीच्या टोकाला बसलंय,” ते म्हणाले. “जवळजवळ सगळा वायू तोंडातून जातो. आणि जातो तो नुसता वायू नाही. तो आमचा चाराच असतो.”

त्यांचे म्हणणे असे. बैलाच्या पोटाचा पहिला कप्पा म्हणजे एक मोठे पिंप. त्यात चारा आंबतो, तो आंबवणारे जंतू असतात, आणि त्यांतले काही जंतू मिथेन तयार करतात. तो ढेकरातून हवेत जातो. हवेला तो नको असतो, आणि बैलालाही त्याचा उपयोग नसतो, कारण चाऱ्यातली काही ताकद त्याच्याबरोबर निघून जाते. खाद्यात थोडे जवस, थोडा लसूण, थोडा ओवा आणि लवंग मिसळली तर हे जंतू मंदावतात, असे वाचून त्यांना करून पाहायचे होते. इतक्या वर्षांच्या नोकरीत इंजेक्शने देणे, खूर तपासणे आणि जनावर का मेले हे लिहून देणे एवढेच त्यांच्या वाट्याला आले होते. फार्मवर स्वतःच्या डोक्यातून निघालेली ही पहिलीच गोष्ट होती.

फार्मचे मालक साठीच्या घरातले अमिराती गृहस्थ होते. त्यांना सगळे अरबाब म्हणत. ते हिंदी सफाईने बोलत. डॉक्टरांनी त्यांना मिथेन समजावून सांगितला, तो प्रसंग डॉक्टर नंतर दोन्ही आवाजांत करून दाखवत.

“मतलब, मैं चारा खरीदता हूँ और बैल उसको हवा में उडाता है?”

“थोडा हिस्सा, अरबाब.”

“तो बैल को बोलो, बंद करे.”

“वही बोलना है. उसके खाने में थोडा मसाला डालके.”

अरबाबांनी परवानगी दिली, पण एकदाच. पुढच्या बोटीतले आठ बैल डॉक्टरांचे, दुसरे आठ नेहमीच्या खाद्यावर. ईदच्या आधी सोळाही वजनाला उभे करायचे. डॉक्टरांचे बैल हलके भरले तर खलास, तो विषय पुन्हा काढायचा नाही. हलके भरले नाहीत तर बघू, इन्शाल्ला.

बोट यायला अजून वेळ होता, म्हणून त्या उन्हाळ्यात प्रयोग गच्चीवर झाला. कत्तलखान्यातून बैलाच्या पोटातला रस थर्मासमध्ये भरून आणायचा, तो काचेच्या मोठ्या सिरिंजमध्ये चिमूटभर खाद्याबरोबर घालायचा आणि सिरिंज बैलाच्या अंगाइतक्या कोमट पाण्यात ठेवायच्या. आत चारा आंबतो, वायू होतो आणि दट्ट्या वर सरकतो. मग आत थोडे कॉस्टिक सोड्याचे पाणी सोडले की कार्बन डायऑक्साइड त्यात जिरतो आणि जो वायू उरतो तो बहुतेक मिथेन. प्रयोगशाळेत यासाठी पाणी तापवावे लागते. मनखूलमध्ये ऑगस्टमध्ये गच्चीवरच्या टाकीचे पाणी बैलापेक्षा गरम असे. डॉक्टर टाकीच्या सावलीत बादली ठेवून त्यात बर्फाचे खडे टाकत आणि थर्मामीटर धरून बसत.

इमारतीच्या नातूरने, म्हणजे वॉचमनने, पहिल्याच आठवड्यात विचारले की साहेब वर काय शिजवतात. डॉक्टरांनी खरे उत्तर दिले. त्यानंतर तो गच्चीवर आला नाही. घरात दोन थर्मास झाले होते, त्यांतल्या एकावर वहिनींनी, म्हणजे डॉक्टरांच्या पत्नींनी, लाल टेप गुंडाळली होती आणि तो स्वयंपाकघरात आणायला बंदी होती.

“चहा कोणत्यातून देतेस तेवढं पाहुण्यांना सांगत जा,” डॉक्टर म्हणत.

“तुम्ही पाहुण्यांना काहीच सांगू नका,” वहिनी म्हणत.

ऑक्टोबरपर्यंत सिरिंजमध्ये मसाल्याच्या बाजूला वायू कमी भरतो हे वारंवार दिसले होते. डॉक्टरांनी ते आम्हाला गच्चीवर बोलावून दाखवले. दोन दट्ट्यांमध्ये बोटाच्या पेराएवढा फरक होता. एवढ्या फरकासाठी एक माणूस सबंध उन्हाळा गच्चीवर बसला, याची बातमी होत नव्हती. पण मी ती डोक्यात ठेवली.

बोट आली. वशिंड असलेले, तांबूस, बरगड्या मोजता येतील असे सोळा बैल शेडच्या दोन बाजूंना बांधले गेले. त्यांचे खाणेपिणे पाहायला एक पठाण होता, त्याला सगळे चाचा म्हणत. भाजून भरडलेले जवस फार्मवरच खाद्यात मिसळले जाई. लसूण, ओवा आणि लवंग यांचा मसाला मात्र शारजाच्या औद्योगिक क्षेत्रातल्या एका चक्कीवर दळून येई. सुटा लसूण-लवंग खाद्यात नीट पसरत नाही, म्हणून त्यातही थोडे जवस असे. चक्कीवाले काका खानदेशातले होते. गॅरेज आणि गोदामांच्या मध्ये त्यांचा गाळा होता. मराठी घरांची भाजणी, थालिपिठाचे पीठ, गोडा मसाला तिथेच दळला जाई. कुटुंब गावी, काका एकटे, राहायला गाळ्याच्या मागेच. जानेवारीपर्यंत ते गावी गेलेले होते, त्यामुळे तोवरचा बैलांचा मसाला हाताखालच्या पोऱ्याने दळला होता.

जानेवारी आला आणि संक्रांतीचे हळदीकुंकू ठरले. मनखूल, करामा आणि शारजा मिळून शंभरेक बायका येणार होत्या. प्रत्येकीला वाण द्यायचे. आदल्या वर्षी कोणीतरी प्लास्टिकचे चहाचे गाळणे वाटले होते आणि त्याबद्दल वर्षभर बोलले गेले होते. वहिनींनी ठरवले की आपण जवसाची चटणी द्यायची. त्यांच्या चटणीला नाव होते. जवस तर घरात आता मुबलकच होते. छोट्या, पांढऱ्या, घट्ट झाकणाच्या डब्या आणल्या गेल्या आणि चक्कीवर पोचवल्या गेल्या. काका चटणी दळून, डब्या भरून, टेप लावून पाठवणार होते. त्याच आठवड्यात बैलांचा मसालाही संपत आला होता. योगायोगाने दोन्ही मालांचे वजन सारखेच निघत होते.

ऑर्डर डॉक्टरांनी फोनवर दिली, फार्मच्या ऑफिसातून, अरबाब समोर बसलेले असताना. एक माल मीठ, तिखट, जिरे घालून. एक बिनमिठाचा, बिनतिखटाचा, ओवा आणि लवंग घालून. जवस आणि लसूण दोन्हींत. एक गोणीत फार्मवर, एक डब्यांत घरी. यल्ला, चला काका, गुरुवारपर्यंत पाहिजे. काका हो म्हणाले. कोणता कुठे, हे सांगायची गरज डॉक्टरांना वाटली नाही आणि विचारायची गरज काकांना वाटली नाही.

हळदीकुंकू चांगले झाले. आमच्या घरी रात्रीच्या जेवणात ती पांढरी डबी उघडली गेली. पहिला घास झाल्यावर बायकोने माझ्याकडे पाहिले.

“मीठ नाहीये.”

“तिखटही नाही,” मी म्हटले. “लवंग आहे.”

“लवंग? जवसाच्या चटणीत?” तिने पुन्हा बोट लावले. “आहे खरी. लसूण तर केवढा. तिला काही बोलू नकोस हं. बिचारीने शंभर डब्या केल्यात.”

“मी कशाला बोलू?”

“तू एडिट करायला जाशील.”

मीठ आणि लाल तिखट वरून घालून आम्ही ती संपवायला घेतली. त्याच आठवड्यात एका संध्याकाळी डॉक्टर जिन्यात भेटले. चेहरा उतरला होता. चाचाचा फोन आला होता. डॉक्टरांच्या बाजूचे बैल पाणी फार पीत होते. हौद दुपारीच रिकामा होत होता. खाणेही जास्त मागत होते, पण पाण्याचे लक्षण डॉक्टरांना आवडत नव्हते. ईद महिन्याच्या अंतरावर होती. आठांतला एक जरी आजारी पडला तरी अरबाब उरलेले सात मोजत बसणार नव्हते.

“शुक्रवारी सुट्टी आहे ना तुम्हाला?” ते म्हणाले. “चला बरोबर. एकट्याने जायचा धीर होत नाहीये.”

शुक्रवारी सकाळी निघालो. धैदचा रस्ता मोकळा होता. डॉक्टर वाटभर आजारांची नावे घेत होते आणि प्रत्येक नावानंतर ते का नसेल हेही सांगत होते. फार्मवर पोचलो तेव्हा दोन्ही बाजूचे बैल सावलीत बसून रवंथ करत होते. डॉक्टरांनी ताप पाहिला, डोळ्यांच्या पापण्या उलटून पाहिल्या, शेण पाहिले. काही सापडले नाही. चाचा हौदात पाइप सोडून उभा होता.

“बीमार नहीं है, डाक्टर साब. खुश है. मसाला डालो तो नाँद चाटता है. पहले इतना नहीं चाटता था.”

“मसाला दिखाओ.”

चाचाने गोणी ओढून आणली. तोंड उघडताच जिऱ्याचा वास आला. आत माल तांबडा होता. डॉक्टर वाकले, बोटाने चिमूट घेतली आणि जिभेवर ठेवली. पुन्हा एक चिमूट घेतली. मग म्हणाले, “ही आमची चटणी आहे.”

“क्या?” चाचा म्हणाला.

“हमारे घर का है. हमारी मॅडम का.”

“बहोत अच्छा बनाया है मॅडम ने,” चाचा म्हणाला.

डॉक्टर शेडच्या कट्ट्यावर बसले. हसू येत होते की रडू, हे त्यांच्याकडे पाहून ठरवता येत नव्हते. बैल ठणठणीत होते. मीठ आणि मिरचीने तहान वाढली होती, भूकही. पण प्रयोगात आता मिरची होती. ईदला हे बैल भारी भरले तर ते कशाने, हलके भरले तर कशाने, हे कोणालाच सांगता येणार नव्हते. हा हिशेब करून झाल्यावर त्यांनी मान वर केली.

“मग डब्यांमध्ये काय गेलं?”

“आम्हाला लवंग लागली होती,” मी म्हटले.

गोणी गाडीत टाकून आम्ही परत निघालो आणि वाटेत चक्कीवर थांबलो. शुक्रवारचा दिवस, औद्योगिक क्षेत्र बंद, सगळी शटर खाली. काका गाळ्याच्या मागे दाढी करत होते. अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून ते बाहेर आले.

“काका, कोणता माल कुठे पाठवलात?”

“मीठमिरचीचा बैलांना, सपक तुमच्या घरी. का? कमी पडला?”

“बैलांना मिरची कशी काय?”

“कशी काय म्हणजे? तुम्ही डॉक्टर आहात, मी काय सांगू? बैलाला मीठ नको? आमचे वडील मसाला चारायचे तेव्हा जवस, हळद, मिरची, मीठ, ओवा. बैल असा चमकायचा.”

“आणि माझ्या घरी सपक?”

काका जरा संकोचले. “आता बघा. सगळे डॉक्टर सांगतात, मीठ कमी करा, तिखट कमी करा. कोणी ऐकत नाही. मला वाटलं, डॉक्टरच्या घरी तरी ऐकत असतील.”

“आणि हळदीकुंकवाच्या चटणीत लवंग?”

“तुमच्याकडची पद्धत असेल म्हटलं. मराठवाड्यात काय काय खातात मला काय माहीत?”

डॉक्टर तेव्हा पहिल्यांदा हसले. काकांनी साबण पुसून चहा टाकला. परत निघताना गाडीत बैलांचा योग्य मसाला होता, काकांनी तिथल्या तिथे दळून दिलेला, आणि घरी काय सांगायचे हा प्रश्न होता.

घरी वहिनी खुशीत होत्या. आमची बायकोही तिथेच होती. सकाळपासून वहिनींना फोनवर फोन आले होते.

“माझी डाएट चटणी म्हणून सगळीकडे गाजतीये,” त्या म्हणाल्या. “मीठ नाही, तिखट नाही, आणि चव आहे म्हणे. मी म्हटलं, बाई, मी तर मूठभर मीठ सांगितलं होतं, काकांनी कुठं घातलं? पण गाजतीये तर गाजू दे. करामावाली तर म्हणाली, ह्यांचे ढेकर बंद झाले.”

“कोणाचे?” डॉक्टर पटकन म्हणाले. “कधीपासून? रोज किती खातायत?”

“तुम्हाला काय करायचंय त्यांच्या ढेकरांचं?”

मग डॉक्टरांना सांगावेच लागले. वहिनींनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. आमची बायको आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड घालून हसली, असे तिने नंतर कबूल केले.

“शंभर बायकांना,” वहिनी म्हणाल्या. “मी. बैलांचं खाणं. कुंकू लावून.”

“अगं, सगळं खाण्याचंच आहे त्यात. तेच जवस, तोच लसूण. काकांच्या चक्कीवर दुसरं काही असतंच कुठे? फार्मवरची क्षारांची पावडर नाही त्यात. मी स्वतः—”

“तुम्ही स्वतः गप्प बसा.”

त्यांची मुलगी सोफ्यावर अभ्यास करत होती. तिने वहीतून डोके वर काढले. “सो ऑल द आंटीज एट काउ फूड?”

“बुल फूड,” डॉक्टरांनी सवयीने दुरुस्त केले.

वहिनींना तेव्हा हसू फुटले. एकदा फुटल्यावर ते आवरेना. डोळे पुसून त्यांनी दुसरा प्रश्न विचारला, तो डॉक्टर सकाळपासून टाळत होते.

“आणि अरबाब?”

डॉक्टर बोटांवर मोजू लागले. मिरची बंद झाली होती, बैल बरे होते, गोणी परत आली होती. फार्मवर हे चाचालाच माहीत होते आणि चाचाच्या मते मॅडमच्या हाताला चव होती, एवढाच त्याचा अर्थ होता. अरबाबांना सांगितले तर ते प्रयोग त्याच क्षणी बंद करतील, ही भीती खोटी नव्हती. दुसरी संधी नाही हे त्यांनी आधीच बजावले होते.

“तुमच्या पेपरात चुकीचं छापून आलं तर काय करता?” डॉक्टरांनी मला विचारले.

“दुरुस्ती छापतो.”

“कुठे?”

“दुसऱ्या पानावर, तळाशी, बारीक टायपात.”

“वाचतं कोण ती?”

“ज्याच्याबद्दल असते तो.”

वहिनींनी निकाल दिला. “तुम्ही अरबाबना सांगा, मी बायकांना सांगते. बघू कोण आधी सांगतं.”

त्यांनी फोन उचलला आणि पहिला करामालाच लावला. तिकडून येणारी किंकाळी आम्हाला सोफ्यापर्यंत ऐकू आली. चौथ्या-पाचव्या फोनपर्यंत वहिनींचे निवेदन इतके पक्के झाले होते की त्यातला एकही शब्द काढता आला नसता. बायका रागावल्या नाहीत. दोघींनी उरलेली डबी नवऱ्याला न सांगता संपवायचे ठरवले.

डॉक्टरांनी शनिवारी सकाळी सांगितले. अरबाब जपमाळ ओढत ऐकत होते. माळ थांबली.

“मेरे बैल ने मॅडम की चटनी खायी?”

“जी, अरबाब. कुछ दिन. गलती मेरी है. मैंने ठीक से बोला नहीं.”

“कितने दिन से यहाँ काम करते हो?”

“बहुत साल हुए, अरबाब.”

“बहुत साल में मुझे एक बार नहीं खिलाया. बैल को खिलाया.”

डॉक्टर उभेच होते. अरबाब पुढे म्हणाले की चटणी आली, चटणी गेली, त्यांचा काटा मिरची ओळखत नाही. ठरलेले तसेच राहील. ईदच्या आधी वजन, हलके भरले तर खलास. आणि उद्या एक डबी आणायची. मिरचीवाली.

वजनाच्या दिवशी मी सुट्टी घेऊन गेलो होतो. एकेक बैल काट्यावर चढत होता, चाचा आकडा ओरडत होता, डॉक्टर लिहीत होते. दोन्ही बाजूंची बेरीज झाली तेव्हा फरक नावापुरताच होता. डॉक्टरांचे बैल हलके भरले नव्हते. भारीही भरले नव्हते.

“बराबर,” अरबाब म्हणाले. “तो फायदा क्या?”

“वजन उतना ही, अरबाब, और गॅस कम. जो मैंने घर पे नापा है.”

“हवा का ग्राहक नहीं आता, डाक्टर.”

हे खरेच होते. वाचलेल्या चाऱ्याचे मांस झालेले त्यांना काट्यावर दाखवता आले नव्हते. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला आणि चाचाला हौद भरायला सांगितले. अरबाब ऑफिसात गेले. येताना गाडीत डॉक्टर म्हणाले की सिरिंज आता कोणत्या तरी कॉलेजला देऊन टाकतो. वहिनींना बादली परत मिळेल.

ईदच्या आधीच्या दिवसांत गिऱ्हाइके येऊ लागली. बापलेक, भाऊभाऊ, कधी तीन पिढ्या, पिकअप घेऊन. कुर्बानीसाठी बैल घ्यायचा तो पाहून, हात फिरवून घ्यायचा. सोळा बैल एकाच कुंपणात सोडलेले होते. पहिल्या दिवशी गेले ते डॉक्टरांचे. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी कुंपणाला दोन फेऱ्या मारल्या आणि काठीने एकच बैल दाखवला, तोही डॉक्टरांचा. अरबाबांनी चाचाला विचारले. चाचाने त्या बैलाच्या पाठीवरून तळवा फिरवून दाखवला. दुसऱ्या बाजूचे बैल धुतले तरी मातकट दिसत होते. या आठांच्या अंगावर सकाळचे ऊन पडले की केस तेल लावल्यासारखे चमकत होते. जवसाने केस चमकतात हे डॉक्टरांना पुस्तकातून माहीत होते, चक्कीवाल्या काकांना वडिलांकडून. प्रयोगात ते कोणी मोजायचे ठरवले नव्हते.

डॉक्टरांचा आठवा बैल गेला त्या संध्याकाळी अरबाबांनी डॉक्टरांना बोलावले.

“अगली बोट से सबको डालो.”

“गॅस के लिए, अरबाब?”

“तुम गॅस के लिए डालो. मैं चमक के लिए डालता हूँ. बैल एक ही है.”

डॉक्टर हे सांगायला घरी आले ते जिन्यातूनच ओरडत. वहिनींनी दार उघडण्याआधी आमचे दार उघडले गेले, त्यामुळे बातमी आधी आम्हाला मिळाली आणि वहिनी त्याबद्दल दोन दिवस कुरकुरत होत्या.

मी एक छोटी बातमी लिहिली. त्यात चटणीचाही उल्लेख होता, कारण प्रयोगात ती होती. तो उल्लेख डेस्कवर कापला गेला, जागा नव्हती. मथळा मात्र मी दिला आणि त्यात बैलाचे तोंडच आले.

पुढच्या बोटीपासून चक्कीवर नियम झाला. वहिनींचे जे काही दळून निघेल त्याच्या झाकणावर काका कुंकवाचे बोट उमटवत. वहिनींनी त्यासाठी एक करंडाच गाळ्यात ठेवला होता. फार्मवर चाचाला सांगून ठेवले होते की लाल टिळा दिसला तर माल उघडायचा नाही, मॅडमचा आहे. अरबाबांची डबी तेवढी टिळा असूनही फार्मवर जाई आणि ती ऑफिसातच उघडली जाई.

करामाची मैत्रीण मात्र ऐकेना. नवी, मिठातिखटाची डबी तिला मिळाली होती, ती चांगलीही होती, पण ह्यांना पहिलीच हवी म्हणे. आता साऱ्या शेडसाठी मसाला दळला जात होता. दर वेळी काका त्यातली एक डबी भरून बाजूला काढत आणि डॉक्टर येताजाता ती करामाला पोचवत. वहिनींना हे ठाऊक होते आणि त्याबद्दल त्यांची एकच अट होती. त्या डबीला कुंकू लावायचे नाही.